एका दाताचा प्रश्न

जुन्या मोटारीच्या इंजिनातील बहुतेक भाग वापरून वापरून बिघडतात. डिस्ट्रिब्युटर हा मात्र असा भाग आहे, की जो मुख्यतः दुरुस्त करताना बिघडतो, आणि त्यातही विशेष हे, की त्याचा एकही सुटा अवयव तुटलेला, झिजलेला किंवा जळालेला नसताना तो संपूर्ण निकामी ठरू शकतो. पाण्याचा पंप गळू लागला तर गाडीखाली थारोळे दिसते, फॅन बेल्ट तुटला तर तो हातात धरून शेजाऱ्याला दाखवता येतो, सायलेन्सरला भोक पडले तर ते साऱ्या गल्लीला ऐकू जाते. परंतु डिस्ट्रिब्युटर एका दाताने चुकीचा बसला असेल, तरी तो दिसायला अगदी बरोबर बसल्यासारखाच दिसतो, आणि त्यामुळे मालक, मिस्त्री व बघे या तिघांपैकी कोणालाही आपले मत बदलण्याचे सबळ कारण मिळत नाही. या भागाची गणना यंत्रशास्त्रात करावी की समाजशास्त्रात, हा प्रश्न म्हणूनच अद्याप निकाली निघालेला नाही.

प्रस्तुत विवेचनासाठी ॲम्बेसेडर ही गाडी आधाराला घेतली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी महाराष्ट्रातील वाचकाला अधिक जवळची वाटेल, हे मान्य आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली तेव्हा ज्यांनी हळहळ व्यक्त केली, त्यांतील अनेकांनी तिला धक्काही मारलेला होता. तथापि डिस्ट्रिब्युटर बसवण्यातील सर्व संभाव्य घोटाळे ज्या एकाच गाडीत शिस्तवार अनुभवता येतात, ती गाडी ॲम्बेसेडरच होय. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५८पासून २०१४पर्यंत ती तयार होत राहिली, आणि तिच्या आयुष्यातील मोठा काळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातील १४८९ सी.सी.च्या पेट्रोल इंजिनावर गेला. याच इंजिनाच्या जोरावर इंग्लंडातील तरुण मंडळी एमजीए ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार उधळत असत. भारतात तेच इंजिन जिल्हाधिकारी, मंत्री आणि लग्नाचे वऱ्हाड यांच्या वाट्याला आले व त्याने आपला वेग त्या त्या प्रवाशाच्या प्रतिष्ठेनुसार बेताचा ठेवला. पुढे डिझेलच्या ॲम्बेसेडरही निघाल्या. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, तेव्हा ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटरही लागत नाही, आणि म्हणून त्या गाड्यांच्या मालकांनी हा लेख वाचला नाही तरी चालेल.

केंद्र सरकारने २०२१मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम केले आणि नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क ठेवून, अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येणार नाही, अशी अट घातली. जाणकारांच्या मते या अटीची अंमलबजावणी डिस्ट्रिब्युटर पूर्वीपासूनच आणि विनाशुल्क करीत आला आहे.

डिस्ट्रिब्युटर नेमके काय करतो हे समजून घेतल्याशिवाय तो बसवता येत नाही, असे पुस्तके सांगतात. गॅरेजमधील अनुभव असा, की न समजताही तो उत्तम बसवता येतो, फक्त नंतर गाडी सुरू होत नाही. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते, पिस्टन ते दाबतो, आणि दाब शिगेला पोहोचण्याच्या जरा आधी प्लगच्या टोकाशी ठिणगी पडून ते पेटते. बॅटरीचे १२ व्होल्ट प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडायला फारच अपुरे पडतात. म्हणून कॉईल नावाच्या डब्यात तारेच्या दोन गुंडाळ्या असतात, ज्यांपैकी जाड तारेच्या गुंडाळीतून आधी प्रवाह वाहू दिला जातो आणि मग तो एकदम तोडला जातो. प्रवाह तुटला की त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र कोसळते, आणि बारीक तारेच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टांचा झटका निर्माण होतो. प्रवाह जोडण्या-तोडण्याचे काम ‘पॉईंट’ या नावाने ओळखली जाणारी दोन छोटी टोके करतात, तोडताना त्यांच्यात ठिणगी उडून ती जळू नयेत म्हणून शेजारी ‘कंडेन्सर’ ही डबी असते, आणि मधोमध फिरणारा ‘रोटर’ तो झटका चार सिलिंडरांपैकी ज्याचा क्रम असेल त्याच्याकडे पोहोचवतो. हे सारे ज्या एका भांड्यात राहते, ते भांडे म्हणजे डिस्ट्रिब्युटर. पंगतीतला वाढपी जसा एकाच भांड्यातून पानापानावर वाढत जातो, तसाच हा रोटर फिरतो. फरक इतकाच, की पंगतीत वाढपी एखादे पान चुकला तर जेवणारा हाक मारतो, आणि इथे एखादे पान चुकले तर सबंध मांडव हादरतो.

बॅटरी, एकच कॉईल आणि वाटप करणारा रोटर ही व्यवस्था अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने सिद्ध केली आणि १९१०च्या कॅडिलॅक गाड्यांत ती प्रथम दिसली. त्याच गृहस्थांनी दोन वर्षांनी विजेवर चालणारा सेल्फ दिला, तेव्हा गाडी सुरू न होण्याचे दोन स्वतंत्र मार्ग एकाच बुद्धिमान माणसाने खुले करून दिले, असा आरोप त्यांच्यावर करता येईल. पण तो कृतघ्नपणाचा होईल. कारण या यंत्रणेकडून होणारे काम थक्क करणारे आहे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा दांडा त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे १५०० फेरे फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात चार ठिणग्या देतो. हिशेब केल्यास सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात, आणि तेवढ्याच वेळा ते दोन पॉईंट उघडतात व मिटतात. इतकी अचूक कामगिरी बजावणाऱ्या पॉईंटांची देखभाल पुष्कळदा काचकागदाच्या तुकड्याने आणि फुंकर मारून केली जाते, ही गोष्ट वेगळी.

पॉईंट पूर्ण उघडले असता त्यांच्यात किती फट असावी हे ठरलेले असते. बी-सिरीज इंजिनावरील लुकास पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरात ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. ही फट मोजण्यासाठी फिलर गेज नावाचे, पातळ पोलादी पात्यांचे एक हत्यार मिळते, जे प्रत्येक गॅरेजमध्ये असते आणि हवे त्या वेळी सापडत नाही. त्याऐवजी व्हिजिटिंग कार्ड वापरण्याची पद्धत रूढ आहे, आणि ज्याचे कार्ड वापरले त्याचा हुद्दा जितका मोठा तितका त्याचा कागद जाड, हे ध्यानात घेता एखाद्या गाडीचे टायमिंग विमा एजंटाच्या व बँक मॅनेजरच्या कार्डावर वेगवेगळे येणे शक्य आहे. हे विनोदाने म्हटले असले तरी त्यामागचे तत्त्व खरे आहे: फट वाढवली की पॉईंट लवकर उघडतात, पॉईंट लवकर उघडले की ठिणगी लवकर पडते, आणि म्हणून फट आधी लावायची व टायमिंग नंतर, हा क्रम उलटा करता येत नाही. क्रम उलटा करणारे मिस्त्री अस्तित्वात आहेत. त्यांच्याकडे एकच गाडी दिवसभर असते.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे वळता येईल. ॲम्बेसेडरच्या डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याला खालच्या टोकाशी एक जीभ असते, आणि ती जीभ मध्यावर नसून मुद्दाम एका बाजूला सरकवलेली असते; इंजिनातील ज्या खाचेत ती बसते, ती खाचही तशीच एका अंगाला असते. परिणामी डिस्ट्रिब्युटर खाचेत एकाच तऱ्हेने बसतो, उलटा बसतच नाही. मनुष्यजातीवर अभियंत्यांनी दाखवलेल्या अविश्वासाचे हे एक सुंदर उदाहरण असून, त्यांनी तो अविश्वास आणखी दोन इंच खालपर्यंत नेला असता तर या लेखाचे कारणच उरले नसते. दुर्दैवाने ती खाच ज्या छोट्या दांड्यावर कोरलेली आहे, तो दांडा कॅमशाफ्टच्या तिरक्या दातांत अडकून फिरतो, आणि तो बाहेर काढून परत घालताना कोणत्याही दातात घालता येतो. म्हणजे वरच्या मजल्यावर चूक होऊ नये म्हणून कडेकोट बंदोबस्त, आणि पाया मात्र घालणाऱ्याच्या मर्जीवर.

तो दांडा घालण्याची रीत पाहण्यासारखी आहे. त्याच्या वरच्या टोकाला आटे असतात. इंजिनाच्या टॅपेट कव्हरचा एक बोल्ट काढून तो त्या आट्यांत फिरवला, की त्याची मूठ तयार होते, आणि त्या मुठीने दांडा भोकात उतरवला जातो. दात तिरके असल्यामुळे दांडा खाली जाता जाता स्वतःभोवती फिरतो, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, आणि म्हणून खाच आडवी धरून घातली तर तळाला पोहोचेपर्यंत ती एक-दोनच्या काट्याच्या आसपास येऊन थांबते. मॅन्युअलमध्ये ही दिशा घड्याळाच्याच भाषेत दिलेली असते, आणि मोठे अंग वर की खाली हेही सांगितलेले असते. ज्याच्या मनगटावर आकडे दाखवणारे डिजिटल घड्याळ आहे, त्याने हे वाक्य दोनदा वाचावे. दांडा बसला की बोल्ट अलगद फिरवून सोडवायचा असतो. तो सोडवताना दांडाही जरासा वर येतो, एक दात पुढे किंवा मागे घसरून परत बसतो, आणि बसताना ‘टक्’ असा समाधानकारक आवाज करतो. चुकीच्या दातात बसतानाही आवाज तोच असतो. दहा ते पंधरा दातांचे चाक धरले, तर एक दात म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे चोवीस ते छत्तीस अंश, आणि इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे, त्याच्या दुप्पट. जिथे पाच अंशांवरून वाद होतात, तिथे ही चूक सरळ दुसऱ्या जिल्ह्यात जाते.

हे सगळे करण्यापूर्वी इंजिन योग्य जागी आणून ठेवावे लागते. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टी.डी.सी.वर, असला पाहिजे, आणि तोही मिश्रण दाबण्याच्या फेरीतला. पिस्टन प्रत्येक पूर्ण चक्रात दोनदा वर येतो. एकदा मिश्रण दाबायला आणि एकदा जळका धूर बाहेर ढकलायला. दोन्ही वेळा पुलीवरची खूण तीच दाखवते, म्हणून खुणेवर विश्वास टाकणारा माणूस निम्म्या वेळा फसतो. त्यावर उपाय म्हणून पहिला प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबून धरतात व दुसरा माणूस गाडीच्या पुढून हॅण्डल घालून इंजिन सावकाश फिरवतो. अंगठा आतून ढकलला गेला की ती दाबाची फेरी. या प्रयोगात अंगठा ज्याचा असतो तो शांत असतो, हॅण्डल ज्याच्या हातात असते तो घामाघूम असतो, आणि ‘झालं, थांब’ असे सांगणारा तिसरा माणूस खूण ओलांडून गेल्यावर बोलतो. हॅण्डल धरताना हाताचा अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, दांड्याभोवती वेढू नये, असा जुन्या चालकांचा दंडक आहे. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देते आणि अंगठा किंवा मनगट मोडते. या एका नियमावर विनोद करण्यासारखे काही नाही.

चुकीच्या फेरीवर डिस्ट्रिब्युटर बसला, तर तो नेमका अर्ध्या वर्तुळाने, १८० अंशांनी चुकतो. मग दाबाच्या फेरीत पडायची ठिणगी धूर बाहेर पडून नवे मिश्रण आत येऊ लागण्याच्या क्षणी पडते, आणि कार्बोरेटरमधून फटाक्यासारखा बार निघतो. बाहेरून पाहणाऱ्या अनेकांना हा बार म्हणजे गाडी ‘सुरू होता होता राहिली’ अशी उत्साहवर्धक खूण वाटते आणि ते आणखी सेल्फ मारण्याचा सल्ला देतात. यावर खरा उपाय दांडा काढून पुन्हा बसवणे हा असला, तरी व्यवहारातला उपाय निराळा आहे: डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवरील चारही जाड वायरी काढून समोरासमोरच्या जागी लावल्या, की गाडी लगेच आणि बिनतक्रार सुरू होते. मिस्त्री पैसे घेऊन मोकळा होतो, मालक खूश होतो, आणि त्या क्षणापासून त्या गाडीचे इंजिन मॅन्युअलशी कायमचे फारकत घेते. दहा वर्षांनी पुढच्या मालकाचा पुढचा मिस्त्री मॅन्युअल उघडून, त्यातील चित्राप्रमाणे पहिली वायर लावून, चालू गाडी मनोभावे बंद पाडतो. मॅन्युअल दाखवून कोणी तक्रार केलीच, तर उत्तर तयार असते: “साहेब, पुस्तक कंपनीच्या गाडीचं आहे. ही गाडी आता आपली आहे.”

वायरींच्या क्रमाबद्दल स्वतंत्र लिहिणे भाग आहे. सिलिंडरांना पुढून मागे एक, दोन, तीन, चार असे आकडे दिलेले असले, तरी ठिणगी मात्र एक-तीन-चार-दोन या क्रमाने पडते, ज्याला फायरिंग ऑर्डर म्हणतात. हा क्रम ॲम्बेसेडरला आहे तसाच पद्मिनीलाही आहे, आणि गॅरेजमध्ये उमेदवारी करणाऱ्या मुलाला तो पाढ्याआधी येतो. परंतु क्रम पाठ असून भागत नाही, तो कोणत्या दिशेने लावायचा हेही ठाऊक असावे लागते, आणि ॲम्बेसेडरच्या या इंजिनात रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. सुलट समजून वायरी लावल्या, तर मोठी गंमत होते. पहिली आणि चौथी वायर एकमेकींच्या समोर असल्यामुळे त्या दोन्ही बरोबर जागी येतात, आणि दुसरी व तिसरी यांची अदलाबदल होते. इंजिन निम्मे बरोबर असते. सर्वस्वी चुकलेल्या इंजिनाची चौकशी होऊ शकते. निम्मे बरोबर असलेले इंजिन मधूनच धडधडते, खोकते, थरथरते आणि आशा लावून ठेवते, ज्यामुळे त्याच्याभोवतीची माणसे कार्बोरेटर उघडतात, पेट्रोल पंप बदलतात, प्लग नवे आणतात, आणि सर्वांत शेवटी, जेवणाची वेळ टळून गेल्यावर, कोणीतरी वायरी मोजते.

इतके झाल्यावर टायमिंग येते. मिश्रण क्षणात पेटते असे म्हणण्याची पद्धत असली, तरी त्याला जळायला मिलिसेकंदांच्या हिशेबात का होईना पण वेळ लागतो. आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांवर क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात १८ अंश फिरून जातो. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते, ज्याला ॲडव्हान्स म्हणतात, आणि वेग वाढेल तसा हा आगाऊपणाही वाढवावा लागतो. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात स्प्रिंगला बांधलेली दोन वजने असतात, जी वेगाबरोबर बाहेर फेकली जाऊन पॉईंटांची वेळ पुढे सरकवतात. शिवाय कार्बोरेटरकडून येणाऱ्या बारीक नळीला जोडलेली व्हॅक्यूमची डबी असते, जी ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना ठिणगी आणखी लवकर पाडते. ही दोन्ही यंत्रे आपापले काम आपोआप करतात. माणसाने ठरवायची ती फक्त सुरुवातीची वेळ, आणि एवढ्या एका गोष्टीवर साऱ्या दुपारी खर्ची पडतात.

शास्त्रशुद्ध रीत अशी आहे, की पुलीवरची खाच टायमिंग कव्हरवरील योग्य खुणेसमोर आणावी, पॉईंटांना जोडलेला छोटा बल्ब लावून ठेवावा, आणि क्लॅम्पचा बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटरचे धड हळूहळू फिरवावे. पॉईंट उघडण्याच्या क्षणी बल्ब लागतो, तिथे बोल्ट आवळावा. बल्ब नसल्यास सिगारेटच्या पाकिटातील पातळ कागद पॉईंटांत धरून तो सुटेपर्यंत फिरवण्याची पद्धतही तितकीच जुनी आणि भरवशाची आहे. जुन्या बी-सिरीज इंजिनांवर त्या खुणा पुलीच्या खालच्या अंगाला असतात, त्यामुळे त्या वाचण्यासाठी गाडीखाली आडवे व्हावे लागते, आणि तिथे ऑईल व धूळ यांचा कित्येक वर्षांचा थर खरवडल्यावर खूण सापडते किंवा थर सापडतो. लुकास पद्धतीच्या अनेक डिस्ट्रिब्युटरांवर बारीक फरक करण्यासाठी ‘ए’ आणि ‘आर’ अशी अक्षरे व त्यांच्यामध्ये बोटांनी फिरवायचे दातेरी नट असते. ते फिरताना किट-किट वाजते, सहज फिरते, आणि म्हणून गाडीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाकडून एकदा तरी फिरवले जाते.

परंतु कानावर टायमिंग लावणाऱ्यांचा पंथ या सर्व साधनांना तुच्छ मानतो. हा पंथ इंजिन चालू ठेवून, एका हाताने डिस्ट्रिब्युटर धरून, डोळे किंचित मिटून, धड कधी इकडे कधी तिकडे फिरवतो. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट धड फिरवले की ठिणगी लवकर पडते, त्याच दिशेने फिरवले की उशिरा, आणि इंजिनाचा सूर त्याप्रमाणे चढतो-उतरतो. सर्वांत उंच सुरावर बोल्ट आवळायचा मोह होतो. पण उभ्या गाडीत गोड लागलेला हा सूर घाटात टिकत नाही. चढावर, टॉप गिअरमध्ये, इंजिनावर भार आला की लवकर पेटलेले मिश्रण पिस्टन वर येण्याआधीच त्याला खाली दाबू लागते आणि इंजिनातून धातूचा टकटक आवाज, म्हणजे नॉकिंग, सुरू होते. म्हणून अनुभवी मिस्त्री गाडी आधी बोर घाटाकडे काढतात, चढावर किंचित नॉकिंग ऐकतात, थांबून टायमिंग केसभर मागे घेतात, आणि परत येतात. न्याय्य निकाल असा, की या पंथातील खऱ्या जाणकारांचे टायमिंग बल्बवाल्यांपेक्षा चांगले निघते; अडचण इतकीच, की जाणकार आणि अजाण हे दोघेही डोळे सारखेच मिटतात.

एका दाताच्या चुकीची एक हमखास खूण मात्र इथे नोंदवली पाहिजे. धड फिरवता फिरवता टायमिंग जुळत येते, आणखी थोडेसेच हवे असते, आणि नेमक्या त्या क्षणी व्हॅक्यूमची डबी इंजिनाच्या अंगाला टेकते. इथे खालचा दांडा काढून परत घालण्याशिवाय इलाज नसतो. तरीही डबी थोडी वाकवून पाहण्याची, नळी दुसरीकडून फिरवण्याची किंवा ‘एवढ्यावर चालेल’ असे म्हणून बॉनेट बंद करण्याची प्रथा देशभर आढळते, आणि तशी गाडी खरेच काही काळ चालतेही. पिकअप नसतो, इंजिन तापते, पेट्रोल जास्त लागते, आणि दोष मात्र हल्लीच्या पेट्रोलला दिला जातो.

उघड्या बॉनेटभोवती जमणाऱ्या मंडळींचा विचार केल्याशिवाय हे विवेचन अपुरे राहील. जुन्या गाडीचे बॉनेट उघडले की सोसायटीच्या आवारात जे काका प्रथम पोहोचतात, त्यांच्याकडे कधीकाळी फियाट होती. त्यांचे निदान “कॉईल गेली, हात लावून बघ” हे असते, आणि कॉईल गरमच असल्यामुळे ते लगेच सिद्धही होते. त्यांच्यामागून येणारे निवृत्त अभियंते पेट्रोल येतच नसल्याचे सांगतात, एक तरुण मोबाईलवर याच बी-सिरीज घराण्यातील एमजीबी गाडीच्या इंजिनाची चित्रफीत दाखवतो व ती आश्चर्यकारकपणे उपयोगी पडते, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. प्रत्येक सल्ला सुटा घेतला तर कोणत्या ना कोणत्या गाडीच्या बाबतीत खरा असतो. या सर्व काळात रोटर बॅटरीवर ठेवलेला असतो. कॅप लावून झाली, क्लिपा बसल्या, सेल्फ अर्धा तास ओरडला, बॅटरी उतरली, गाडीला धक्का मारून झाला, आणि मग झाडलोट करणाऱ्या माणसाने “हे तुमचं काय पडलंय?” असे विचारल्यावर रोटर सापडला, हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे, की तो बसवण्याच्या विधीचाच भाग मानावा. रोटर नसेल तर गाडी हलत नाही, याचा उपयोग एका राष्ट्राने युद्धातही केला होता: १९४०मध्ये, जर्मन सैनिक पॅराशूटने उतरतील या भीतीने, ब्रिटनमध्ये उभी करून ठेवलेली मोटार निकामी करून ठेवण्याची सक्ती झाली, आणि त्यासाठी सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे रोटर काढून खिशात घालणे. त्या देशाने सक्तीने जे साधले, ते मराठी मध्यमवर्गाने पुढे विसरभोळेपणाने साधले.

पावसाळ्यातील वर्तनाबद्दल थोडक्यात एवढेच, की कॅपच्या आत ओल गेली तर हजारो व्होल्टांचा झटका प्लगकडे जाण्याऐवजी ओलीवरून इंजिनाच्या अंगात उतरतो, आणि सांताक्रूझच्या मिलन सबवेत साचलेल्या पाण्यात बंद पडलेल्या फियाटांपैकी पुष्कळांचे दुखणे कॅप उघडून कोरड्या फडक्याने पुसण्यापलीकडचे नसे. म्हणूनच डिस्ट्रिब्युटरला प्लास्टिकची पिशवी घालून वर रबर बँड लावलेल्या गाड्या दिसत. पिशवी दुधाची असे.

आजच्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते आणि वेळेचा हिशेब संगणक करतो; फिरवायला काही उरलेले नाही. जुन्या गाड्यांसाठीही पॉईंटांच्या जागी कॅपच्या आत मावणारे इलेक्ट्रॉनिक साधन मिळते, जे झिजत नाही आणि ज्याला फट लावावी लागत नाही. अस्सलपणाचे कट्टर पुरस्कर्ते असलेले मालकही ते गुपचूप बसवतात, कॅप बंद करतात, त्याच्या तारा जुन्या वेष्टनात दडवतात, आणि प्रदर्शनात परीक्षकांना “सगळं कंपनीचंच आहे” असे सांगतात. काढलेले पॉईंट मात्र डिकीत एका डबीत जपून ठेवतात, कारण इलेक्ट्रॉनिक साधन रस्त्यात बंद पडले तर त्याला काचकागद लागू पडत नाही. हे साधन बसवल्यानेही दाताचा प्रश्न सुटत नाही, कारण खालचा दांडा तोच असतो.

तेव्हा ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे आणि चालू आहे, त्यांनी डिस्ट्रिब्युटर केवळ ‘एकदा साफ करून घ्यावा’ म्हणून काढू नये. काढणे भागच असेल, तर आधी कॅप उघडून रोटरचे टोक कोणीकडे आहे, व्हॅक्यूमची डबी कोणत्या बाजूला वळलेली आहे आणि पहिली वायर कुठे आहे, हे दिसेल असा मोबाईलवर फोटो घ्यावा, धडावर व इंजिनावर मिळून रंगाची एक रेघ ओढावी, आणि नंतर डिस्ट्रिब्युटर परत बसेपर्यंत कोणालाही हॅण्डलला हात लावू देऊ नये, विशेषतः काकांना.